काउंटीचा सरकारी वकील काय करतो? किंग काउंटीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रातून अमेरिकेत राहायला आलेल्या माणसाला सरकारी वकील म्हटले की जिल्हा न्यायालयात शासनाच्या बाजूने उभा राहणारा वकील आठवतो. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो, तपास अधिकारी तपास पुरा करून दोषारोपपत्र न्यायालयात दाखल करतो आणि शासनाने नेमलेला सरकारी वकील त्या कागदपत्रांच्या आधारे खटला चालवतो, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी तो तसाच राहिला. अमेरिकेत यातला मधला दुवा वेगळा आहे. येथे पोलीस तपास करतात, अटकही करतात. परंतु गंभीर गुन्ह्याचा आरोप न्यायालयात ठेवायचा की नाही, ठेवायचा तर कोणत्या कलमाखाली, आणि पुढे तो सौम्य करायचा की मागे घ्यायचा, हे काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, प्रॉसिक्युटिंग अटर्नी (अभियोक्ता) ठरवतो. येथील फौजदारी व्यवस्थेत इतका अधिकार दुसऱ्या कोणत्याही एका पदाकडे क्वचितच असेल. तरीही घरातल्या कोणाला अटक झाल्यावरच आपल्या लोकांना या पदाची ओळख होते, आणि तोवर पहिल्या दोन दिवसांत करू नये ते बरेच काही करून झालेले असते.

उदाहरण म्हणून येथे वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटी घेतली आहे. सिएटल, बेल्व्ह्यू, रेडमंड, समामिश ही शहरे याच काउंटीत येतात आणि संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे तेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, आणि प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिले तर वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पद कोणाचे आणि किती मोठे

वॉशिंग्टन राज्यात ३९ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटी चार वर्षांसाठी आपला प्रॉसिक्युटिंग अटर्नी निवडून देते. उमेदवार त्या काउंटीचा मतदार असावा आणि राज्यात वकिली करण्याची सनद त्याच्याकडे असावी, या मुख्य अटी. २०२० च्या जनगणनेत किंग काउंटीची लोकसंख्या २२,६९,६७५ होती आणि राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या गारफील्ड काउंटीची २,२८६. पण पद दोन्हीकडे एकच आणि कायद्यातली कर्तव्येही तीच. फरक पडतो तो मनुष्यबळात. किंग काउंटीच्या कार्यालयात दोनशेहून अधिक वकील काम करतात, तर लहान काउंटीत निवडून आलेला अधिकारी स्वतःच न्यायालयात उभा राहतो. चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या काउंट्यांत संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरचे कामही पूर्वी याच अधिकाऱ्याकडे असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पद्धत बंद झाली, आणि ते योग्यच झाले, कारण मृत्यूचे कारण ठरवणारा आणि त्यावरून खटला भरणारा माणूस एकच असणे न्यायाला धरून नाही.

न्यायालयात आपल्याला भेटतो तो बहुधा डेप्युटी प्रॉसिक्युटिंग अटर्नी. त्याची नेमणूक निवडून आलेला अधिकारी करतो, ती काढूनही घेऊ शकतो, आणि डेप्युटीने केलेल्या कृतीची जबाबदारी कायद्याने वरिष्ठावरच असते. त्यामुळे एखाद्या डेप्युटीशी मतभेद झाला तर त्याच्या पर्यवेक्षकाशी सभ्यपणे, लेखी संपर्क साधणे हा योग्य मार्ग आहे. न्यायाधीशांना परस्पर पत्र लिहिणे हा नव्हे.

हेच पद इतर राज्यांत निराळ्या नावांनी आढळते. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये डिस्ट्रिक्ट अटर्नी, इलिनॉयमध्ये स्टेट्स अटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अटर्नी. एडिसन आणि आसपासच्या मराठी वाचकांनी एक वेगळेपण लक्षात घ्यावे: न्यू जर्सीत काउंटी प्रॉसिक्युटर निवडून येत नाही, तर राज्यपाल सिनेटच्या संमतीने त्याची पाच वर्षांसाठी नेमणूक करतात.

पहिली पायरी: प्रकरण कोणत्या कार्यालयाकडे आहे ते शोधावे

काउंटीचा अभियोक्ता सर्वच गुन्ह्यांचे खटले चालवत नाही. वॉशिंग्टनमध्ये गुन्ह्यांचे ढोबळमानाने तीन स्तर आहेत. मिसडिमीनरला ९० दिवसांपर्यंत, ग्रॉस मिसडिमीनरला ३६४ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्याहून गंभीर गुन्हे फेलनी म्हणून ओळखले जातात. यातला ३६४ हा आकडा परदेशी नागरिकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. २०११ पर्यंत ही मर्यादा पूर्ण एक वर्षाची होती. संघीय स्थलांतर कायदा काही गुन्ह्यांत एक वर्षाच्या शिक्षेला देशाबाहेर पाठवण्याचा आधार मानत असल्यामुळे किरकोळ गुन्ह्यातही घरदार मोडण्याची वेळ येत असे, म्हणून विधिमंडळाने त्यातला एक दिवस कमी केला.

फेलनीचे खटले काउंटीच्या सुपीरियर कोर्टात चालतात आणि ते सर्व काउंटीच्या अभियोक्त्याकडे असतात. अल्पवयीन मुलांची प्रकरणेही त्याच्याकडेच येतात. त्याखालचे गुन्हे शहराच्या हद्दीत घडले असतील तर बहुधा शहराचा स्वतःचा वकील ते हाताळतो. सिएटलमध्ये त्यासाठी निवडून दिलेला सिटी अटर्नी आहे. बेल्व्ह्यू, रेडमंड यांसारख्या शहरांचे आपापले प्रॉसिक्युटर आहेत. कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या भागातले किरकोळ गुन्हे मात्र काउंटीकडे येतात. संघीय कायद्याखालचे गुन्हे, उदाहरणार्थ व्हिसाच्या कागदपत्रांतली फसवणूक, या सर्वांच्या बाहेर असून ते राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या यूएस अटर्नीच्या अखत्यारीत येतात.

हे ओळखण्याची सोपी खूण हातातल्या कागदावरच असते. किंग काउंटी सुपीरियर कोर्टाच्या प्रकरण क्रमांकात पहिले दोन अंक वर्षाचे असतात आणि त्यानंतर आडव्या रेघेपुढे १ हा अंक आला तर ते फौजदारी प्रकरण समजावे. २ हा अंक दिवाणी दाव्याचा आणि ३ हा कौटुंबिक प्रकरणाचा असतो. शेवटी एसईए अशी अक्षरे असतील तर सुनावणी सिएटलच्या न्यायालयात आणि केएनटी असतील तर केंट येथील मालेंग रीजनल जस्टिस सेंटरमध्ये होते. कार्यालयाला फोन करण्यापूर्वी हा क्रमांक समोर लिहून ठेवावा, कारण मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगे इतक्या प्रकारांनी नोंदवली जातात की केवळ आडनावावरून प्रकरण सापडेलच याची खात्री नसते.

दुसरी पायरी: आरोप कसा ठरतो ते समजून घ्यावे

या पदाचा गाभा येथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. पोलिसांचा अहवाल आला म्हणून आरोप ठेवलाच पाहिजे असे बंधन अभियोक्त्यावर नाही. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने यासाठी मार्गदर्शक कसोट्या कायद्यातच लिहून ठेवल्या आहेत. माणसाविरुद्धच्या गुन्ह्यांत, म्हणजे मारहाण, लैंगिक अत्याचार, खून यांत, न्यायालयात ग्राह्य ठरेल असा पुरावा इतका असावा की बचाव पक्षाकडून अपेक्षित असलेला सर्वांत पटण्याजोगा युक्तिवाद विचारात घेऊनही एखाद्या निःपक्ष ज्यूरीने आरोपीला दोषी ठरवणे समर्थनीय ठरेल. चोरी, फसवणूक अशा मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत कसोटी आणखी कडक आहे: पुरावा असा हवा की ज्यूरी दोषी ठरवण्याचीच शक्यता अधिक असावी. या दोन कसोट्यांत जाणूनबुजून ठेवलेले अंतर मला या कायद्यातली विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार बहुधा एकटी पीडित व्यक्तीच असते, आणि तिची बाजू ज्यूरीपर्यंत पोहोचूच नये अशी अट घालणे अन्यायाचे ठरले असते.

पुरावा पुरेसा असूनही आरोप न ठेवण्याची कारणे त्याच कायद्यात दिलेली आहेत. ज्या हेतूने कायदा केला त्याच्याशी खटला विसंगत ठरत असेल, कायदा कालबाह्य झालेला असेल, उल्लंघन अगदीच क्षुल्लक असेल, खटल्याचा खर्च गुन्ह्याच्या मानाने भलताच जास्त असेल, किंवा तक्रारदाराचा हेतूच दूषित असेल, तर अभियोक्ता प्रकरण सोडून देऊ शकतो. पीडित व्यक्तीने तशी विनंती केली असेल, इजा फारशी नसेल आणि समाजाच्या सुरक्षिततेला धोका नसेल, तरीही तो विचार करू शकतो. परंतु ती विनंती धाकदपटशाने करवून घेतलेली नाही ना, हे त्याने पाहायचे असते. निर्णय त्याचा असतो. पोलीस नाराज झाले किंवा तक्रारदाराला अन्याय वाटला तरी न्यायाधीश त्याच्यावर खटला भरण्याची सक्ती करत नाहीत.

या अधिकाराचे वजन शिक्षेच्या पद्धतीमुळे आणखी वाढते. १९८१ च्या सेंटेन्सिंग रिफॉर्म अॅक्टने वॉशिंग्टनमध्ये शिक्षेचा तक्ता ठरवून दिला. गुन्ह्याचे गांभीर्य एका बाजूला आणि पूर्वीच्या शिक्षांचे गुण दुसऱ्या बाजूला मांडले की शिक्षेची किमान आणि कमाल सीमा मिळते आणि न्यायाधीशांनी सामान्यतः तिच्या आत राहायचे असते. म्हणजे आरोप कोणत्या कलमाखाली ठेवला, येथेच शिक्षेचा बराचसा निर्णय होऊन जातो. न्यायालयात काळा झगा घातलेल्या न्यायाधीशांकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात, पण ही पट्टी आखली जाते ती आरोप ठरवणाऱ्या वकिलाच्या टेबलावर.

तिसरी पायरी: अटकेनंतरचे पहिले तीन दिवस

अटक झालेल्या व्यक्तीला न्यायालयाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत न्यायाधीशांसमोर आणावे लागते. त्या वेळी अटकेला पुरेसे कारण होते का, आणि जामीन किती असावा किंवा कोणत्या अटींवर सोडावे, हे न्यायाधीश ठरवतात. अभियोक्ता आपली मागणी मांडतो, बचावाचा वकील आपली. फेलनीच्या संशयावरून कोठडीत असलेल्या व्यक्तीवर ७२ तासांत लेखी आरोप दाखल झाला नाही तर तिला सोडावे लागते, आणि या ७२ तासांत शनिवार, रविवार व सुट्ट्या धरल्या जात नाहीत. शुक्रवारी रात्री अटक झालेल्याच्या घरच्यांनी म्हणूनच सोमवारी ‘तीन दिवस झाले’ असा हिशेब करू नये. सुटका झाली म्हणजे प्रकरण संपले असेही नाही. मुदतीच्या कायद्यात बसत असेल तर आरोप काही महिन्यांनीही दाखल होऊ शकतो, आणि तेव्हा आलेला समन्सचा लिफाफा न उघडता ठेवल्यास पुढे वॉरंट निघते. पत्ता बदलला असेल तर तो न्यायालयाला कळवणे म्हणूनच आवश्यक आहे.

या तीन दिवसांत घरच्यांनी अभियोक्त्याच्या कार्यालयाला फोन करून ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे पटवण्याचा प्रयत्न करू नये. आपल्याकडची ही सवय समजण्यासारखी आहे, पण येथे समोरचा वकील राज्याचा असतो. तुम्ही सांगितलेली गोष्ट तो नोंदवून घेईल, आणि तिचा उपयोग खटल्यात होऊ शकेल. बोलायचे ते आरोपीच्या वकिलाशी. वकील परवडत नसेल तर तो मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन खटल्यात मान्य केला आहे आणि किंग काउंटीत सार्वजनिक बचावासाठी स्वतंत्र विभाग आहे. असा वकील व्हिसावर आलेल्यांनाही मिळतो. भारतीय नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाला अटकेची माहिती देण्याची मागणी करता येते; सिएटलमध्ये असा दूतावास आहे.

चौथी पायरी: पीडित व्यक्ती आणि घरगुती हिंसाचार

सर्वाधिक गैरसमज या विषयात आहेत. भांडणात हात उगारला गेला, शेजाऱ्यांनी किंवा घरातल्याच कोणी ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला आणि पोलीस दारात आले, की वॉशिंग्टनमध्ये प्रकरण घरातल्या माणसांच्या हातात राहत नाही. गेल्या चार तासांत कुटुंबातल्या व्यक्तीवर हल्ला झाल्याचे मानण्यास पोलिसांना सबळ कारण दिसले तर हल्ला करणाऱ्या प्रौढाला त्यांनी अटक करावीच लागते; समज देऊन परत जाण्याची मुभा त्यांना नाही. दुसऱ्या दिवशी पत्नी ‘मी तक्रार मागे घेते’ म्हणाली तरी मागे घेण्यासारखे तिच्याकडे काही नसते, कारण खटला ‘वॉशिंग्टन राज्य विरुद्ध’ आरोपी असा असतो. तिची इच्छा अभियोक्ता विचारात घेतो, पण तो तिचा वकील नसतो.

तिने साक्ष द्यायला नकार दिला तरी खटला उभा राहू शकतो. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला किंग काउंटीतलाच आहे. डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन या प्रकरणात मारहाण झालेली स्त्री साक्षीला आलीच नाही. ती संकटात असताना ९११ वर जे बोलली त्याचे ध्वनिमुद्रण ज्यूरीला ऐकवण्यात आले, आरोपी दोषी ठरला, आणि चालू संकटात मदतीसाठी केलेले असे बोलणे पुरावा म्हणून चालते, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला.

पहिल्याच सुनावणीत न्यायालय बहुधा संपर्कबंदीचा आदेश देते. त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. आरोपीने पत्नीला फोन, संदेश, ईमेल, मित्रामार्फत निरोप यांपैकी काहीही करायचे नाही आणि घरीही जायचे नाही. पत्नीने स्वतः ‘मुले विचारतात, येऊन जा’ असे म्हटले तरी आदेश मोडल्याचा गुन्हा आरोपीवरच लागतो, आणि तसा इशारा आदेशाच्या कागदावरच छापलेला असतो. आता पुढचा प्रसंग बारकाईने पाहावा, कारण चांगल्या हेतूने वागणारी कुटुंबे नेमकी येथे अडकतात. मुलगा तुरुंगातून पुण्याला आईला फोन करतो आणि म्हणतो, ‘आई, तू जरा तिच्याशी बोल, तिला सांग की मी ढकलले नव्हते, ती स्वतःच पडली असे सांग म्हणावे.’ आई सुनेला व्हॉट्सअॅपवर तसे सांगते. तुरुंगातले फोन ध्वनिमुद्रित होतात आणि तशी सूचना फोनवर ऐकवलीही जाते. संभाषण मराठीत झाले म्हणून ते अभियोक्त्याला कळणार नाही, हे मानणे भ्रामक आहे. भाषांतर करून घेता येते. ढकलण्याचा मूळ आरोप कदाचित ग्रॉस मिसडिमीनरचा असेल, पण या एका फोनने त्यात संपर्कबंदी मोडल्याचा आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप जोडला जाऊ शकतो, आणि यांतला दुसरा गुन्हा फेलनी आहे. स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने घरगुती हिंसेची शिक्षा आणि संरक्षण आदेशाचे उल्लंघन या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे देशाबाहेर काढण्याचे कारण ठरू शकतात. सासू-सासऱ्यांनी, काका-मामांनी आणि मंडळातल्या हितचिंतकांनी खटला चालू असताना साक्षीदाराशी त्या विषयावर बोलू नये, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.

पीडित व्यक्तीसाठीही या कार्यालयात बरेच काही आहे, आणि डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, येथे कोणीच ओळखीचे नसलेल्या बाईने ते जाणून घेणे फार गरजेचे आहे. कार्यालयात पीडितांना मदत करणारे कर्मचारी असतात. सुनावणीची तारीख कळवणे, संरक्षण आदेशाची माहिती देणे, न्यायालयात सोबत बसणे ही त्यांची कामे असतात. वॉशिंग्टन राज्याच्या स्वतःच्या घटनेत १९८९ साली घातलेल्या कलमानुसार फेलनीतल्या पीडित व्यक्तीला कामकाजाची माहिती मिळण्याचा, आरोपीच्या सुटकेचा विचार होत असताना आणि शिक्षेच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. परंतु त्यासाठी तिने अभियोक्त्याच्या कार्यालयाला आपली इच्छा कळवावी लागते, आणि ती लेखी कळवणे उत्तम. तपासात किंवा खटल्यात सहकार्य करणाऱ्या पीडितांसाठी २००० सालच्या संघीय कायद्याने यू व्हिसा ठेवला आहे; त्याच्या अर्जाला लागणारे प्रमाणपत्र अभियोक्त्याचे कार्यालय देऊ शकते. म्हणजे पतीवर खटला झाला की आपला व्हिसाही गेलाच, या भीतीने गप्प बसण्यापूर्वी स्थलांतराच्या जाणकार वकिलाला एकदा विचारावे.

साक्षीदारांनी दुभाष्याची मागणी आधीच नोंदवावी. वृद्ध आई-वडील साक्षीला येणार असतील तर ‘हिंदीचा दुभाषी चालेल’ असे घाईने सांगू नये, कारण कोणी कोणाला आधी ढकलले यासारख्या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषेत आपण विचार करतो त्याच भाषेत नेमके देता येते. घरातल्या मुलाने किंवा सुनेने दुभाषाचे काम करणे तर पूर्णपणे टाळावे.

पाचवी पायरी: गुन्हा कबूल करण्याचा प्रस्ताव आला तर

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालात नमूद केले होते की राज्यांच्या न्यायालयांतल्या सुमारे ९४ टक्के शिक्षा कबुलीतून होतात. म्हणजे खटला पूर्ण चालून ज्यूरीचा निकाल लागणे हा अपवाद आहे. अभियोक्ता सौम्य कलमाचा प्रस्ताव देतो, आरोपी त्या कलमाखाली गुन्हा कबूल करतो आणि खटला टळतो. या देवाणघेवाणीत राज्याची बाजू संपूर्णपणे अभियोक्त्याच्या हातात असते. किंग काउंटीत २००३ साली तत्कालीन प्रॉसिक्युटिंग अटर्नी नॉर्म मालेंग यांनी ग्रीन रिव्हर हत्याकांडातल्या गॅरी रिजवेला फाशीची मागणी सोडून दिली, आणि बदल्यात त्याने ४८ खून कबूल करून बेपत्ता मुलींचे अवशेष शोधायला मदत केली. आधी अशी तडजोड करणार नाही असे मालेंग म्हणाले होते. ज्या घरांना वीस वर्षे आपल्या मुलीचे काय झाले हेच माहीत नव्हते त्यांना उत्तर मिळणे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले. या निर्णयावर तेव्हा मोठा वाद झाला; माझ्या मते तो योग्य होता. केंटच्या न्यायालयाला आज त्यांचेच नाव आहे.

आपल्या वाचकाच्या दृष्टीने कबुलीचा प्रश्न व्हिसाशी जोडलेला आहे. तुरुंगवास नाही, फक्त समुपदेशनाचे वर्ग करायचे आहेत, असा प्रस्ताव कानाला गोड वाटतो. पण त्यातले कलम स्थलांतर कायद्यात कसे बसते, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. २०१० सालच्या पॅडिला निकालानुसार देशाबाहेर काढले जाण्याच्या धोक्याची कल्पना परदेशी आरोपीला देणे ही त्याच्या स्वतःच्या वकिलाची जबाबदारी आहे. ती अभियोक्त्याची नाही. आपण भारतीय नागरिक आहोत, कोणत्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाचा अर्ज कोठे अडला आहे, हे आपल्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे. अनेकदा तेवढ्याच शिक्षेचे पण स्थलांतराच्या दृष्टीने कमी घातक असे दुसरे कलम वकिलांच्या चर्चेतून निघू शकते, मात्र कबुलीनंतर ते जवळजवळ अशक्य होते.

अभियोक्त्यावर असलेली बंधने

इतका अधिकार असताना त्याला लगाम कोणता, हा प्रश्न रास्त आहे. १९६३ सालच्या ब्रेडी निकालाने घातलेले बंधन सर्वांत मोलाचे: आरोपीच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा सरकारपक्षाकडे असेल तर तो बचाव पक्षाला दिलाच पाहिजे. पुढे १९७२ साली साक्षीदाराची विश्वासार्हता कमी करणाऱ्या माहितीलाही हेच तत्त्व लावण्यात आले, आणि ते पोलीस साक्षीदारांनाही लागू पडते. ज्यूरी निवडताना वंशाच्या कारणावरून कोणाला वगळता येत नाही, असे १९८६ सालच्या बॅट्सन निकालाने ठरवले. या सर्वांच्या मुळाशी १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले तत्त्व आहे की सरकारी वकिलाचे काम खटला जिंकणे हे नसून न्याय होईल हे पाहणे आहे. उणीवही सांगितली पाहिजे. खटला चालवताना केलेल्या कृतीबद्दल अभियोक्त्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असे १९७६ सालच्या निकालाने ठरवले आहे. चुकीच्या खटल्यात वर्षे गमावलेल्या माणसाला यात न्याय दिसणे कठीण आहे, आणि मला हे संरक्षण गरजेपेक्षा फार रुंद वाटते.

फौजदारीपलीकडची कामे

काउंटीच्या सर्व विभागांचा कायदेशीर सल्लागार हाच अधिकारी असतो. शेरीफ, निवडणूक विभाग, मालमत्ता कर आकारणारा असेसर यांना तो सल्ला देतो आणि काउंटीवर दावा झाला तर बचाव करतो. मुलांच्या पोटगीची वसुली, पितृत्वाचा निर्णय, मानसिक आजाराच्या गंभीर अवस्थेत सक्तीच्या उपचारांसाठी न्यायालयाची परवानगी मागणे हीसुद्धा याच कार्यालयाची कामे आहेत. खाजगी व्यक्तीला तो कायदेशीर सल्ला देत नाही. घरमालकाशी वाद, पगार थकणे, घटस्फोट यांसाठी त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: नागरिकत्व मिळाल्यानंतर

नागरिकत्वाची शपथ घेतलेले अनेक मराठी मतदार राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत उत्साहाने मत देतात, पण हे पद राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर येत नाही; ते २०१८, २०२२, २०२६ अशा मधल्या वर्षांत येते आणि मतपत्रिकेच्या बऱ्याच खालच्या भागात असते. २०१६ साली किंग काउंटीच्या मतदारांनी काउंटीची सनद, म्हणजे तिच्या कारभाराचा मूळ कायदा, दुरुस्त करून ही निवडणूक पक्षविरहित केली. त्यामुळे उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव नसते आणि त्याचे विचार मतदाराला स्वतः वाचावे लागतात. २०२२ मध्ये निवडून आलेल्या लीसा मॅनियन या पदावरच्या पहिल्या महिला ठरल्या.

वॉशिंग्टनमध्ये मतदान टपालाने होते. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी होते, तीत सर्वाधिक मते मिळवणारे दोघे नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतात, आणि मतपत्रिकेसोबत उमेदवारांची निवेदने छापलेली पुस्तिका घरी येते. ती वाचताना ‘गुन्हेगारीविरुद्ध कठोर’ किंवा ‘सुधारणावादी’ या विशेषणांवर थांबू नये. पाहावे ते असे: घरगुती हिंसेच्या प्रकरणांत आरोप ठेवायला उशीर होतो आहे का आणि उमेदवार त्यावर काय करणार, किरकोळ अमली पदार्थांच्या प्रकरणांत उपचाराचा मार्ग देण्याविषयी त्याचे म्हणणे काय आहे, कारण किंग काउंटीचे ड्रग कोर्ट १९९४ पासून चालू आहे आणि ते टिकवायचे की आखडायचे हे बऱ्याच अंशी याच पदावर अवलंबून असते, आणि २०२० च्या कायद्याने जुन्या, अवाजवी लांब शिक्षांचा फेरविचार मागण्याचा जो अधिकार अभियोक्त्याला दिला, तो वापरण्याची त्याची तयारी आहे का. कार्यालय आपल्याकडे आलेल्या आणि आरोप दाखल केलेल्या प्रकरणांची आकडेवारी संकेतस्थळावर प्रसिद्ध करते, तेव्हा उमेदवाराचे दावे त्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

नागरिकत्वासोबत ज्यूरीचे बोलावणेही येते, आणि ते टाळण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो, तो सोडावा. फेलनीच्या खटल्यात बारा ज्यूरर असतात आणि दोषी ठरवण्यासाठी बाराही जणांचे एकमत लागते. तेथे बसल्यावर अभियोक्त्याने मांडलेला प्रत्येक पुरावा तुमच्या समोर येतो, आणि तो आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला की नाही हे सांगण्याचा अधिकार त्या खोलीत तुमच्याकडे असतो. बोलावण्याची तारीख गैरसोयीची असेल तर ती एकदा पुढे ढकलून मिळू शकते. त्यासाठी पत्रावर दिलेल्या मार्गाने मुदतीच्या आत विनंती करावी.